लढाऊ-बाँबफेकी विमान : एका समासाचा विग्रह

१. शब्द आणि वस्तू

मुलुंड, भांडुप, घाटकोपर या उपनगरांतून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग हा जुन्या आग्रा रस्त्याचाच एक भाग होय. मुंबईहून निघालेला हा महामार्ग कसारा घाट चढून नाशिक ओलांडतो आणि तेथून सुमारे वीस किलोमीटरांवर ओझर लागते. १९६४ साली, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना, येथे मिग-२१ विमाने बांधण्यासाठी कारखान्याची स्थापना झाली. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग तो हाच. कारखान्याभोवती वसाहत वाढली, आणि पंचक्रोशीतील लोक त्या परिसरालाच ‘मिग’ म्हणू लागले. रशियन विमानाचे नाव अशा रीतीने महाराष्ट्रातील स्थलनाम झाले. मिकोयान आणि गुरेविच या दोन आराखडाकारांच्या आद्याक्षरांपासून हे नाव बनले असून त्यातील मधला ‘इ’ हा रशियन भाषेतील ‘आणि’ या अर्थाचा अव्ययशब्द आहे. म्हणजे ‘मिग’ हा शब्द मुळातच एक द्वंद्व आहे. फक्त मराठी कानाला तो तसा ऐकू येत नाही.

ओझरच्या कारखान्याने पुढे मिग-२७ आणि सुखोई-३० एमकेआय ही विमाने बांधली. चीनमधील शीआन येथे ‘ज्येनहुंग-७’ हे विमान तयार झाले. या तिन्ही विमानांना वृत्तपत्रांतून केव्हा ना केव्हा ‘लढाऊ-बाँबफेकी’ ही एकच संज्ञा लावली गेली आहे. संज्ञा एक, म्हणून वस्तूही एकाच जातीच्या, असे वाचक सहजच गृहीत धरतो. त्यांचे वजन, वेग आणि मारापल्ला यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले की कोणाचे विमान ‘वरचढ’ याचा निर्णय लागला, असेही त्याला वाटू लागते. वस्तुतः ही तीन विमाने तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. हा भेद समजून घेण्यास व्याकरणातील समासविचार उपयोगी पडतो, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम शब्दांचाच विचार करू. शत्रूच्या विमानाशी हवेत झुंज देणाऱ्या विमानाला इंग्रजीत ‘फायटर’, म्हणजे लढणारा, म्हणतात. जर्मन भाषेने त्यासाठी ‘येगर’ आणि फ्रेंचने ‘शास्सर’ हे शब्द योजले. दोहोंचा अर्थ शिकारी असा आहे. रशियन भाषेतील ‘इस्त्रेबीतेल’ या शब्दाचा धात्वर्थ निःपात करणे हा होय. चिनी भाषेतील ‘ज्येन’ हे पदही निःपाताचेच वाचक आहे आणि ते रशियन संज्ञेच्या छायेत घडलेले दिसते. जपानी भाषेत मात्र ‘सेन्तोकी’, म्हणजे लढण्याचे यंत्र, असा इंग्रजीला जवळचा शब्द रूढ आहे. ‘हुंग’ हे दुसरे चिनी पद भडिमाराचे वाचक असून त्याच्या जुन्या चिन्हात गाडीची तीन चिन्हे एकत्र रचलेली आहेत. पुष्कळ गाड्या एकदम धावत असता होणारा गडगडाट, हा त्याचा मूळ अर्थ. ‘ज्येनहुंग’ म्हणजे निःपात करणारे आणि भडिमार करणारे.

मराठीतील ‘लढाऊ’ हे टिकाऊ, विकाऊ यांप्रमाणे ‘आऊ’ प्रत्यय लागून झालेले विशेषण आहे. ‘बाँबफेकी’ हेही विशेषणच. नाम जे ‘विमान’ ते या जोडीच्या बाहेर उभे राहते. तेव्हा रूपाच्या दृष्टीने ‘लढाऊ-बाँबफेकी’ हा लालभडक, हिरवागार यांसारखा विशेषण-उभयपद कर्मधारय म्हणता येईल. परंतु अशा समासात दोन्ही विशेषणे समान पातळीवर उभी असतात आणि कोणते पद अर्थावर सत्ता चालविते हे रूपावरून कळत नाही. ते कळून घेण्यासाठी वस्तूकडेच वळावे लागते. विमानाचे पंख, एंजिन, रडार आणि शस्त्रे यांची तपासणी हाच येथे खरा विग्रह होय.

२. वैकल्पिक द्वंद्व : जुना प्रकार

दुसऱ्या महायुद्धात ही संज्ञा रूढ झाली तेव्हा तिचा अर्थ सरळ होता. हरिकेन हे ब्रिटिश लढाऊ विमान जर्मन विमानांपुढे मागे पडू लागल्यावर १९४१ पासून त्याच्या पंखांखाली बाँब टांगण्यात येऊ लागले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय हवाई दलाच्या तुकड्यांनीही हरिकेन विमाने वापरली. टायफून आणि थंडरबोल्ट या विमानांचा पुढील काळातील उपयोगही याच जातीचा होता.

बाँब लटकत असेतोवर असे विमान जड आणि मंद असते. वाटेत शत्रूची विमाने आडवी आली तर वैमानिकापुढे दोनच मार्ग उरतात : बाँब तेथेच टाकून देऊन झुंजीला उभे राहणे, किंवा झुंज टाळून लक्ष्याकडे जाणे. एका क्षणी एकच क्रिया शक्य. बरेवाईट, पासनापास या शब्दांत जसा ‘किंवा’ दडलेला असतो, तसाच तो या विमानात दडलेला होता. हा वैकल्पिक द्वंद्व होय. त्यात विमानाच्या मूळ रचनेला फारसा धक्का लागत नव्हता. फरक पडत होता तो पंखाखाली काय टांगले आहे याचा.

झोत एंजिनांचा काळ आला आणि हा सोपा तोडगा अपुरा पडू लागला. उंचावर ध्वनिवेगाच्या दुप्पट वेगाने उडण्यास जे यंत्र अनुकूल, ते जमिनीलगत जड भार घेऊन धावण्यास अनुकूल राहीना. तेव्हा आराखडाकारांना समासातील एक पद प्रधान मानून दुसऱ्याचा त्याग करणे भाग पडले. ओझरचे मिग-२७ हे या त्यागाचे उत्तम उदाहरण आहे.

३. तत्पुरुष : मिग-२७

मिग-२७ चा जन्म मिग-२३ या लढाऊ विमानापासून झाला. दोहोंचे मुख्य धड आणि मागेपुढे वळविता येणारे पंख सारखेच आहेत. पंख पसरलेले असताना विमान कमी वेगात अधिक भार घेऊन धावपट्टी सोडू शकते. ते मागे वळविले म्हणजे हवेचा रोध कमी होतो आणि जमिनीलगतच्या दाट हवेत वेगाने जाताना बसणारे हेलकावेही सौम्य होतात. बाँबफेकीस हा गुण फार मोलाचा असल्यामुळे आराखडाकारांनी तो तसाच ठेवला.

त्यांनी जे काढून टाकले ते याहून बोलके आहे. मिग-२३ च्या नाकात शत्रूचे विमान शोधणारे रडार होते. मिग-२७ मध्ये ते काढले. रिकामे झालेले नाक खाली उतरते करून त्यात लेसर अंतरमापक बसविण्यात आला. त्यामुळे वैमानिकाला पुढची व खालची जमीन चांगली दिसू लागली. या चपट्या नाकामुळे रशियन वैमानिकांनी त्याला ‘उत्कोनोस’, म्हणजे बदकचोच्या प्लॅटिपस प्राण्याचे नाव दिले. वैमानिक-कक्षाच्या दोन्ही बाजूंना चिलखती पत्रे आले. एंजिनाकडे हवा नेणारी मुखे मिग-२३ मध्ये वेगानुसार लहानमोठी होत असत. ती स्थिर आकाराची करण्यात आली.

या शेवटच्या फेरफाराचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. ध्वनिवेगाच्या दुपटीच्या आसपास एंजिनाला पचेल अशा मंद गतीने हवा पोचविण्यासाठी मुखाचा आकार सतत बदलावा लागतो, आणि त्यासाठी हलणारे पडदे व त्यांना चालविणारी यंत्रणा लागते. जमिनीलगत उडणाऱ्या विमानाला तेवढा वेग कधीच गाठावयाचा नसतो. मग त्या यंत्रणेचे वजन का वाहावे? ती काढली आणि उंचावरील कमाल वेग ध्वनिवेगाच्या २.३५ पटींवरून सुमारे १.७ पटींवर आला. वाचलेले वजन बाँबांच्या आणि चिलखताच्या कामी आले. सुमारे ४,००० किलोग्रॅम शस्त्रभार आणि मिनिटाला सुमारे ५,००० गोळ्या सोडू शकणारी सहा नळ्यांची ३० मिलिमीटर तोफ, ही त्याची मुख्य आयुधे होती.

सारांश, मिग-२७ मध्ये ‘लढाऊ’ हे पद केवळ वंशपरंपरेने आलेले विशेषण आहे. अर्थाची सत्ता उत्तरपदाकडे, ‘बाँबफेकी’कडे, गेली. राजपुत्र म्हणजे जसा राजा नव्हे, पुत्रच, तसे हे विमान बाँबफेकीच. समास तत्पुरुष.

ओझर येथे १९८० नंतरच्या दशकात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि एकूण १६५ विमाने तेथे तयार झाली. भारतीय हवाई दलाने त्याला ‘बहादूर’ हे नाव दिले. या विमानाची खरी परीक्षा १९९९ च्या कारगिल संघर्षात झाली, आणि ती अशा ठिकाणी झाली की ज्याचा विचार मूळ आराखड्यात नव्हता. मिग-२७ ची कल्पना केली गेली ती सपाट प्रदेशावर, दाट हवेत, लक्ष्यावर वेगाने झेपावण्यासाठी. कारगिलमधील लक्ष्ये सुमारे पाच हजार मीटर उंचीच्या कड्यांवर होती. तेथे हवा विरळ. विरळ हवेत पंखांचे उत्थापक बल घटते, एंजिनाचा जोर कमी होतो, आणि शस्त्रे सोडताना निघणारा उष्ण वायू एंजिनात शिरल्यास ते विझण्याचा धोका वाढतो. २७ मे १९९९ रोजी फ्लाइट लेफ्टनंट के. नचिकेता यांच्या मिग-२७ चे एंजिन हल्ला चालू असताना बंद पडले. हवाई छत्रीने उतरलेले नचिकेता पाकिस्तानच्या हाती सापडले आणि काही दिवसांनी मायदेशी परतले.

यंत्र वाईट होते असा निष्कर्ष या घटनेवरून काढता येत नाही. एका परिस्थितीसाठी जे सर्व सोडले आणि जे सर्व जोडले, त्याचा हिशेब दुसऱ्या परिस्थितीत वैमानिकाला चुकवावा लागतो, एवढेच ती दाखविते. संज्ञा सैल वापरण्याची चूक कागदावर क्षम्य असेल. आकाशात तिची किंमत माणूस देतो. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूर येथे मिग-२७ ने भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला.

४. बहुव्रीही : ज्येनहुंग-७

आता चिनी विमानाकडे वळू. त्याचे लोकप्रिय नाव ‘फेइबाओ’, म्हणजे उडता बिबट्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाशेजारी राहणाऱ्यांना बिबट्याची रीत सांगावयास नको. तो उघड्यावर झुंजीला उभा राहत नाही. खाली दबून, आडोशाने जवळ येतो, एकदाच झेप घेतो आणि निघून जातो. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात काय होते ते सांगता येणार नाही. परंतु विमानाच्या कार्यपद्धतीस ते चपखल बसते.

जानेवारी १९७४ मध्ये दक्षिण चिनी समुद्रातील पॅरासेल बेटांजवळ चीन आणि दक्षिण व्हिएतनाम यांच्या नौकांची चकमक झाली. चीनने बेटे घेतली. परंतु किनाऱ्यापासून दूर जाऊन जहाजांवर मारा करील असे कार्यक्षम विमान आपल्याजवळ नाही, ही उणीव चिनी नौदलाला जाणवली. शीआन येथे चेन यीच्येन यांच्या मार्गदर्शनाखाली जे विमान आकाराला आले ते या उणिवेतून. आरंभी हवाई दल आणि नौदल या दोघांच्याही गरजा एका आराखड्यात बसविण्याचा विचार होता; पुढे हवाई दलाचे अंग मागे पडले आणि नौदलाचे विमान तेवढे उभे राहिले. त्याचे पहिले उड्डाण १४ डिसेंबर १९८८ रोजी झाले. जगाला ते प्रथम जवळून दिसले १९९८ च्या जूहाय येथील विमान-प्रदर्शनात.

त्याच्या नावातील ‘७’ हा अंकही अर्थपूर्ण आहे. चिनी पद्धतीत प्रत्येक वर्गाची गणना स्वतंत्र चालते. लढाऊ वर्गातील ज्येन-७ म्हणजे मिग-२१ ची चिनी आवृत्ती. अर्थात ओझरचे पहिले विमान आणि ज्येन-७ ही एकाच कुळातील. परंतु ज्येनहुंग-७ मधील सात हा त्या गणनेतला नव्हे. तो हुंग-५, हुंग-६ या बाँबफेकी विमानांच्या पुढचा आहे, आणि मुळात या प्रकल्पास हुंग-७ असेच म्हणत असत. ‘ज्येन’ हे पद मागाहून जोडले गेले. शब्दाचा इतिहास पाहता पूर्वपद हे आगंतुक आहे.

मग याही विमानाचा समास तत्पुरुष मानावा काय? विमानाची रचना पाहिली असता तसे म्हणवत नाही. ते सुमारे २२ मीटर लांब असून पंखांची फाक १२.७ मीटर आहे. पूर्ण भारासह वजन सुमारे २८.५ टन. मागे झुकलेले पंख धडाच्या वरच्या बाजूस बसविलेले असल्याने खाली मोठी क्षेपणास्त्रे व इंधनाच्या टाक्या टांगण्यास मोकळी जागा मिळते. वैमानिकाच्या मागे दुसरा माणूस बसतो. रात्री, समुद्राला खेटून, ताशी नऊशे किलोमीटरांच्या वेगाने विमान हाकणे आणि त्याच वेळी रडारच्या पडद्यावर जहाज शोधून क्षेपणास्त्र सज्ज करणे, ही दोन कामे एका माणसाच्या आवाक्याबाहेरची आहेत. मुख्य शस्त्र म्हणजे साधा बाँब नसून जहाजभेदी क्षेपणास्त्र होय. हवाई झुंजीसाठी त्याजवळ २३ मिलिमीटर तोफ आणि जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रे असतात. ती स्वसंरक्षणापुरती, दूरवरच्या शत्रू-विमानाला हुडकून पाडणे हे या विमानाचे काम नाही.

समुद्राला खेटून का उडावयाचे, हे थोडे गणित केल्यास स्पष्ट होते. रडारचे किरण जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. जहाजावरील रडारची उंची वीस मीटर मानली आणि वातावरणातील वक्रीभवन जमेस धरले, तर दहा हजार मीटर उंचीवरील विमान त्याला सुमारे ४३० किलोमीटरांवरून दिसू शकेल. तेच विमान पन्नास मीटर उंचीवर उतरले की ते क्षितिजाआड जाते आणि सुमारे ४८ किलोमीटर अंतरावर आल्यावाचून दिसत नाही. ताशी ९०० किलोमीटर वेगाने पहिले अंतर तोडण्यास जवळजवळ अर्धा तास लागतो, तर दुसरे सव्वातीन मिनिटांत संपते. जहाजाला सावध होण्यास एवढाच अवधी उरतो. त्या पिढीतील सी-८०१ या चिनी क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे चाळीस किलोमीटर होता. म्हणजे क्षितिजावर डोके वर काढून लगेच क्षेपणास्त्र सोडणे आणि पुन्हा खाली दबणे, ही पद्धत ठरून गेली. पुढील सी-८०२ चा पल्ला १२० किलोमीटर झाल्यावर क्षितिजापाशी येण्याचीही निकड कमी झाली.

या दबून उडण्याची किंमतही मोठी आहे. जमिनीलगतच्या दाट हवेत रोध वाढतो, इंधन झपाट्याने संपते आणि पल्ला आखूड होतो. म्हणून अशी विमाने वाटेचा बराच भाग उंचावरून कापतात आणि शेवटी खाली उतरतात.

एंजिनाची कथा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. १९७५ साली चीनने रोल्स-रॉइस कंपनीशी स्पे या एंजिनाच्या उत्पादनाचा करार केला. ब्रिटनच्या फँटम विमानांत हेच एंजिन होते. कमी इंधनात दूर जाण्याचा गुण त्यात होता आणि समुद्रावर मारा करणाऱ्या विमानाला तो हवाच होता. परंतु परवाना हाती येणे आणि धातू हाती येणे यांत अंतर असते. ‘छिनलिंग’ या नावाचे चिनी बनावटीचे स्पे विश्वासाने वापरता येऊ लागण्यास पाव शतकाहून अधिक काळ गेला. तोवर आयात केलेल्या एंजिनांवर भागवावे लागले. ओझरच्या कारखान्यालाही परवान्याच्या उत्पादनात अशाच प्रकारचा अनुभव घ्यावा लागला आहे : आराखडा कागदावर मिळतो, त्यामागची विद्या सावकाश मिळते.

यावरून ज्येनहुंग-७ चा विग्रह करता येईल. त्यात ‘लढाऊ’ प्रधान नाही आणि रूढ अर्थाचे ‘बाँबफेकी’ही प्रधान नाही. दोन्ही पदे मिळून तिसऱ्याच वस्तूचा बोध करतात, ती म्हणजे जहाजभेदी विमान. नीलकमल म्हणजे निळे कमळच. पण नीलकंठ म्हणजे निळाही नव्हे आणि कंठही नव्हे, तर शंकर. अन्यपद प्रधान असलेला हा बहुव्रीही होय. पुढे सुधारित ‘७-ए’ आवृत्ती हवाई दलानेही स्वीकारली. तिला जमिनीवरील लक्ष्यांवर आणि रडारकेंद्रांवर मारा करणारी शस्त्रे मिळाली, आणि शब्दाच्या विशेष अर्थाला सामान्य अर्थाची जोड लाभली. शब्दार्थाचा असा विस्तार भाषेच्या अभ्यासकांना अपरिचित नाही.

५. इतरेतर द्वंद्व : सुखोई-३०

सुखोई-३० एमकेआय हे विमान पुणे येथील लोहगाव तळावर २७ सप्टेंबर २००२ रोजी हवाई दलात दाखल झाले. ओझरच्या कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले आणि तेथे बांधलेले पहिले विमान २००४ साली सुपूर्द करण्यात आले. प्रथम मागविलेल्या २७२ विमानांपैकी २२२ ओझरची आहेत.

नावातील तीन अक्षरे रशियन शब्दांची आहेत : आधुनिकीकृत, व्यापारी, भारतीय. याच विमानाच्या चीनला मिळालेल्या भावंडाचे नाव एमकेके; त्यातील शेवटचा ‘के’ हा ‘कितायस्की’चा, म्हणजे चिनी याचा वाचक आहे. दोहोंची माता सुखोई-२७. तिचे चिनी वंशज शन्यांग येथील कारखान्यात वाढले आणि ज्येन-१६ हे द्विआसनी विमान त्यांतूनच निपजले. तुलनात्मक भाषाशास्त्रात जशा एका मूळ भाषेच्या दोन दूरस्थ शाखा पाहावयास मिळतात, तशी ही दोन विमाने आहेत. मूळ सांगाडा एक. परंतु भारतीय शाखेत पुढील बाजूस लहान पंख आणि दिशा बदलू शकणारी एंजिनाची नळकांडी आली, तर चिनी शाखेत देशी एंजिन आणि देशी रडार यांनी आपले स्थान मिळविले.

सुखोई-३० एमकेआयचे वजन पूर्ण भारासह ३८.८ टन आहे. दोन एंजिनांपैकी प्रत्येकाचा कमाल जोर सुमारे १२.५ टन. शस्त्रे टांगण्याच्या बारा जागांवर आठ टन भार राहतो. त्याच्या रडारचा किरण विद्युत्‌-साहाय्याने क्षणात वळविला जात असल्याने तेच रडार आकाशही न्याहाळते आणि भूपृष्ठही. दूर पल्ल्याच्या हवाई लढाईची क्षेपणास्त्रे आणि जमिनीवर अचूक मारा करणारे बाँब त्याला एकाच उड्डाणात नेता येतात. मिग-२७ च्या आराखडाकारांना ज्या ज्या ठिकाणी निवड करावी लागली, त्यांपैकी अनेक ठिकाणी येथे निवड टळली आहे. ती टळली याचे मुख्य कारण आकार : मोठ्या धडात इंधन, रडार आणि शस्त्रे या सर्वांना जागा मिळाली. आईबाप या शब्दात जशी दोन्ही पदे प्रधान, तशी ती येथे आहेत. हा इतरेतर द्वंद्व.

मात्र दोन्ही पदे प्रधान ठेवण्याचा खर्च थोडा नाही. विमान जड, महाग, आणि देखभालीस कष्टाचे होते. शिवाय त्यातील दोघा वैमानिकांना हवाई झुंज आणि भूमीवरील मारा या दोन्ही विद्या तयार ठेवाव्या लागतात. उड्डाणाचे तास मात्र वाढत नाहीत.

या विमानाचा समुद्राशी आलेला संबंध तुलनेस उपयुक्त आहे. ब्रह्मोस हे क्षेपणास्त्र ध्वनिवेगाच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाते आणि त्याचे विमानावरून सोडावयाचे रूप अडीच टनांचे आहे. एवढा एकवट भार पोटाखाली घेता यावा म्हणून सुखोईचा सांगाडा बळकट करण्याचे काम ओझर येथे झाले. २५ जून २०१६ रोजी क्षेपणास्त्रासह पहिले उड्डाण तेथूनच झाले. २२ नोव्हेंबर २०१७ रोजी बंगालच्या उपसागरात त्याची चाचणी यशस्वी झाली आणि २० जानेवारी २०२० रोजी तंजावर येथे या शस्त्राने सज्ज असे विमानदल उभे राहिले. चीनने जहाजभेदासाठी एक स्वतंत्र विमान रचले. भारताने आधीच हाती असलेल्या विमानाला जहाजभेदी शस्त्र दिले. शीआनच्या आराखड्यात विमान खाली दबून जहाजाजवळ जाते. ओझरच्या योजनेत विमान शेकडो किलोमीटर दूर राहते आणि जवळ जाण्याचे काम क्षेपणास्त्रावर सोपविले जाते. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे आहेत, आणि त्यांच्या मध्ये तीन दशकांच्या शस्त्रविद्येचे अंतर आहे.

६. समासाचा लोप

या विवेचनावरून लढाऊ-बाँबफेकी विमानाची परीक्षा करताना कोणते प्रश्न विचारावेत हे ठरविता येते. पूर्वजाच्या रचनेतून काय काढून टाकले? रडार आकाशाकडे पाहते, जमिनीकडे, की समुद्राकडे? हवाई लढाईची क्षेपणास्त्रे स्वसंरक्षणापुरती आहेत की शिकारीसाठी? कोणत्या उंचीवरील हवेसाठी पंख आणि एंजिन घडविले आहेत? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून वजन, वेग व पल्ला यांचे कोष्टक हे विग्रह न केलेल्या समासासारखे असते. त्याचा उच्चार करता येतो. अर्थ लावता येत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. चिनी नामावलीत ज्येनहुंग ही जोडी सातच्या पुढे गेलेली नाही. ज्येन-१६ हे विमान बाँब व क्षेपणास्त्रे दोन्ही वाहते, ज्येनहुंग-७ चे बरेचसे काम त्याच्याकडे आले आहे. तरी त्याच्या नावात ‘हुंग’ नाही. आपल्याकडेही ‘बहुउद्देशी’ हा शब्द ‘लढाऊ-बाँबफेकी’ची जागा घेत आहे. उत्तरपद लोपले, कारण ते सांगण्याची गरज उरली नाही. मिग-२७ मध्ये विमानाचे कार्य त्याच्या धातूत कोरलेले होते : नाक उतरते केले, मुख स्थिर केले, रडार काढले, की ते बाँबफेकी झाले आणि आमरण तसेच राहिले. आजच्या विमानात कार्य ठरते ते पुष्कळ अंशी रडारच्या आणि संगणकाच्या आज्ञावलीत. आज्ञावली बदलता येते. म्हणून तेच विमान सकाळी एक आणि दुपारी दुसरे होऊ शकते.

परंतु वजन, इंधन आणि हवेचा रोध यांचे नियम आज्ञावलीने बदलत नाहीत. अडीच टनांचे क्षेपणास्त्र पोटाखाली घेतलेले सुखोई ते क्षेपणास्त्र सोडीपर्यंत झुंजीच्या दृष्टीने बांधलेलेच असते. हरिकेनच्या वैमानिकापुढचा ‘किंवा’ पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. तो नावातून गेला आहे, यंत्रात शिल्लक आहे. मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून तेथे बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क १-ए विमानाने उड्डाण केले. त्याला संज्ञा कोणतीही लावली, तरी त्याच्या आराखड्यात कोठे ‘आणि’ आहे आणि कोठे ‘किंवा’, हे अभ्यासकाला प्रत्येक वेळी नव्याने तपासावे लागेल.